पहिलंच सांग

दुबई सिलिकॉन ओएसिस
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय गिरिजाआत्या,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाइप केलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून तुमच्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षराला हसू नका. आठ वर्षं ऑफिसात कीबोर्ड बडवून हाताचं वळण गेलं. सत्तावीस वर्षं अल ऐनच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे परीक्षाच.

आत्या, मी फार थकलेय. एकविसावा आठवडा चालू आहे आणि कंबर, मांड्यांचे सांधे, ओटीपोटाखालचं हाड, सगळं एकत्र दुखतंय. कूस बदलायची तर विघ्नेशला उठवावं लागतं. सकाळी पलंगावरून बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते. सलवार घालायला एक पाय उचलला की डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, "इट्स व्हेरी कॉमन, डियर." कॉमन असेल, पण दुखतं मलाच ना! रजा घेता येत नाही. बाळंतपणाचे साठच दिवस मिळतात, ते बाळासाठी राखून ठेवलेत. त्यामुळे रोज ऑफिसात खुर्चीवर बसून हसते.

आणि भीती वेगळीच आहे. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात आपलं सगळं संपलं, ते बाविसाव्या आठवड्यात, म्हणजे आता पुढच्याच. लिहायचं नाही, माहीत आहे. पण तुमच्याशी नाही बोलायचं तर कुणाशी? सासूबाईंना रत्नागिरीत कळवलं तर त्या पहिल्या विमानाने येतील आणि घाबरून मलाच घाबरवतील.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी अवनी म्हणते, आपल्याच ऑफिसच्या बिल्डिंगखाली एक कायरोप्रॅक्टर आहे, डॉ. एमान, जॉर्डनची. गरोदर बायकांची पाठ, सांधे बघते. अवनीला तिच्या वेळी फार बरं वाटलं होतं. विघ्नेश म्हणतो, "आत्याला विचार." इथे सासूच्या जागी तुम्हीच आहात. जाऊ का? नाही म्हणालात तर जाणार नाही, पण लवकर सांगा.

तुमची,
समिधा

---

अल ऐन
बुधवार, ९ ऑक्टोबर

समिधा, तुला आणि पोटातल्या पाहुण्याला खूप आशीर्वाद.

अक्षर वाईट नाही, रेघ मात्र चढावर चालली आहे. तीन ठिकाणी अनुस्वार राहिलेत, पण तब्येत बघून सोडून देते.

आता तुझं ते हाडं मोडणारं प्रकरण. मी व्हिडिओत बघितलंय. माणसाची मान धरतात आणि कडाकडा आवाज काढतात. पोटुशी बाईने असल्या ठिकाणी पाय ठेवायचा? वर त्याचे साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजार रुपये! आठ हजारांत आमच्याकडे मालिशवाली महिनाभर येऊन वर घरातल्या सगळ्यांची खबरबात सांगून जायची. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी कंबर दुखली. दुखतेच. मी वर्गात उभी राहून पाढे म्हणून घेतले आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तू तिळाचं तेल कोमट कर, विघ्नेशला पाठीला हलक्या हाताने लावायला सांग, ओव्याची पुरचुंडी करून शेक घे. आणि रडू नको.

तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. भिंत धरून चालतेस म्हणतेस, ते काही बरं नाही. जायचंच असेल तर आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घे. आणि त्या एमानबाईला सांग, आवाज एकही यायला नको.

दुसरी गोष्ट. गेलेल्याचं नाव कागदावर काढलंस, ते मला आवडलं नाही. पाडव्याला माझ्या देवघरात नारळावर हात ठेवून तुम्ही दोघांनी शपथ घेतली आहे. पुढचं बाळ मांडीवर खेळेपर्यंत गेलेल्याचा उच्चार करायचा नाही. कुणीही विचारलं, डॉक्टर असो नाहीतर नर्स, तर "पहिलंच" सांगायचं. गेलेलं आपण मोजलं की ते आपल्याभोवती घुटमळतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि मी ते पाळलं. तूही पाळ. तुझ्या भल्यासाठीच सांगते.

गिरिजाआत्या

---

दुबई सिलिकॉन ओएसिस
रविवार, २० ऑक्टोबर

आत्या, आधी आनंदाची बातमी, मग नमस्कार.

मी पालथी झोपले! पाच महिन्यांनी! एमानच्या क्लिनिकमध्ये एक पलंग आहे, त्याचा मधला भाग खाली सरकतो. पोटाला खळगा होतो आणि बाई आरामात उपडी होते. मी झोपले आणि कुणी पाठीवरची गोणी उतरवून ठेवावी तसं वाटलं. तिथेच डोळा लागला. आवाज एकही आला नाही, तुमची शपथ. ती फक्त तळहाताने हळूहळू दाबते, थांबते, विचारते, पुन्हा दाबते. चिठ्ठी तिनेही मागितलीच. "नो लेटर, नो ट्रीटमेंट, हबीबती," लाडाने म्हणाली. तुम्ही दोघी एकाच शाळेतल्या दिसता.

तिने शिकवलेलं सगळं विघ्नेशने फ्रिजवर चिकटवलंय. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघ्यांमध्ये उशी. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकत्र ठेवायचे. गाडीत आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सलवार बसून घालायची. कमरेखाली एक रुंद पट्टा बांधायचा. इतक्या साध्या गोष्टी, आणि मला कुणी सांगितल्याच नव्हत्या. तीन वेळा जाऊन आले. काल बाथरूमला भिंत न धरता गेले.

पहिल्या दिवशी तिने एक लांबलचक फॉर्म भरायला दिला. त्यात होतं, याआधी किती वेळा दिवस गेले होते? मी पेन हातात धरून बसून राहिले. विघ्नेशने माझ्याकडे बघितलं. मी शून्य लिहिलं. हॉस्पिटलमध्येही जुलैत तेच सांगितलं होतं. चिपळूणची फाईल माहेरच्या कपाटातच आहे, तिथेच राहू दे.

तुम्ही हो म्हणालात म्हणून गेले. खूप उपकार झाले.

समिधा

---

अल ऐन
गुरुवार, २४ ऑक्टोबर

शाबास ग पोरी!

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "त्या बाईकडे तुझे गुडघे पण दाखव." मीही विचार करतेय. मी आपली उगीच आरडाओरडा केला, ते सगळं मागे घेते. एमानबाई शहाणी आहे. तिला दिवाळीचा डबा पाठवणार आहे, शंकरपाळे आणि चकल्या. चिवडा तिखट झालाय, तो विघ्नेशला दे.

फॉर्मवर शून्य लिहिलंस हे फार बरं केलंस. आता निर्धास्त राहा. अवघड आठवडा मागे पडला. यापुढे सगळं चांगलंच होणार.

सातवा लागला की डोहाळजेवण आमच्याकडे अल ऐनला करायचं. मी आत्तापासून माणसं सांगायला लागलेय. तू फक्त हिरव्या साडीत येऊन बसायचं.

गिरिजाआत्या

---

दुबई सिलिकॉन ओएसिस
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

फुलांचे दागिने शारजाच्या फुलवाल्याकडून शनिवारी सकाळी येतील. विघ्नेशने पैसे भरलेत. साडीला फॉल लावून झाला. अवनी येणार आहे आणि एमानही येते म्हणाली. तिला पेढा-बर्फीचा खेळ समजावला. झाकलेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ती हसून म्हणाली, "अँड यू बिलीव्ह इट?" मी म्हटलं, आम्ही दोन्ही खातो.

तब्येत ठीक आहे. एमानला दोन आठवडे सुट्टी होती, त्यामुळे कंबर पुन्हा जरा कुरकुर करायला लागली. या वेळचं थोडं वेगळं आहे. चालताना दुखत नाही, बसल्या बसल्याच खालून आवळल्यासारखं होतं, मग सुटतं. संध्याकाळी जास्त. काल सिरीयल बघताना चार वेळा झालं. विघ्नेशला सांगितलं नाही, तो लगेच गूगल उघडतो. मंगळवारी एमान बघेलच. तिचा हात लागला की बरं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? काही नसेल ना?

समिधा

---

अल ऐन
सोमवार, १८ नोव्हेंबर

समिधा,

काही नाही ग. सत्ताविसावा आठवडा म्हणजे ओझं वाढलं, कंबर आवळणारच. शेक घे आणि पाय वर करून बस. मंगळवारी एमानबाई दाबून देईल आणि शनिवारी तू टवटवीत येशील. उगाच मनाचे खेळ करू नको.

पस्तीस माणसं होतायत. नारळीभात, अळूची भाजी, पुरणपोळ्या अबू धाबीच्या बाईंकडून. झोपाळा सोसायटीच्या बागेतला, त्याला झेंडूच्या माळा. ह्यांनी गाडी गॅरेजमध्ये टाकलीय, उद्या मिळेल, की तुला आणायला येतील. तुझ्यासाठी पातळ उशी शिवून ठेवलीय, झोपाळ्यावर पाठीला.

एकटी गाडी चालवू नको.

गिरिजाआत्या

---

दुबई
मंगळवार, १९ नोव्हेंबर, दुपारी १.४०

आत्या,

ऐकू येत नाही तरी तुला तेरा वेळा फोन केला. काकांचा फोन बंद आहे. म्हणून ऑफिसच्या नोटपॅडवर लिहून फोटो पाठवतोय. हे बघितलंस की त्या क्षणी उत्तर दे.

समिधा सकाळी एमानकडे गेली. एमानने तिला पलंगावर घेतलंच नाही. पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसली. वीस मिनिटांत तीन वेळा पोट दगडासारखं कडक झालं. ती म्हणाली, "ही पाठ नाही, हे माझं काम नाही. यल्ला, चल, हॉस्पिटल." स्वतःच्या गाडीतून घेऊन आली आणि मला फोन केला.

आता समिधाला मशीन लावलंय. कळा बारीक आहेत. ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणतात, पहिलटकरणीला अशा खोट्या कळा येतात, पाणी कमी प्यायलं की येतात. चारपर्यंत बघून घरी सोडतील. पण एमान दारात उभी आहे आणि पुन्हा पुन्हा एकच विचारतेय, आधी कधी काही झालं होतं का? डॉक्टरांनीही विचारलं. समिधा नाही म्हणते. नाही म्हणताना माझा हात इतका दाबते की नखं रुतलीत.

आत्या, ती म्हणते की शपथ मोडली तर हे बाळही जाईल. मी बोललो तर ती आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही म्हणते. "आत्यांनी घातलीय, आत्यांनीच सोडवायची." मी कसलं इंजिनिअरिंग शिकलोय, मलाच कळत नाही. नारळावर माझाही हात होता, मीही सांगत नाहीये. चिपळूणलाही असंच होतं ना? तेव्हाही ती नुसती कंबर भरून आली म्हणत होती.

तू सुटली म्हण. एवढंच लिही. आत्या, तुझ्या पाया पडतो.

विघ्नेश

---

अल ऐन
मंगळवार, ४.५०

सुटली. सुटली. सुटली.

समिधा, शपथ सुटली. मी घातली, मी सोडवली. सगळं सांग. पाचवा महिना, बाविसावा आठवडा, चिपळूण, कळा नव्हत्या, नुसती कंबर आणि मग एकदम पाणी गेलं. सगळं सांग. विघ्नेश, ती नाही बोलली तर तू सांग. हा कागद डॉक्टरांना दाखव. त्यांना मराठी येत नसेल तर एमानला इंग्रजीत सांग, ती त्यांना समजावेल. आत्ता. घरी नेऊ नको तिला. अजिबात नेऊ नको.

मी कानातलं मशीन काढून दुपारची झोपले होते. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तीन तास तुम्ही तिथे माझी वाट बघत होतात आणि मी इथे झोपले होते! मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

ऐक समिधा. तुला मी खोटं सांगितलं. माझे दोन नाहीत, तीन. पहिली मुलगी होती, आठव्या महिन्यात गेली. सासूबाईंनी नारळ पुढे केला आणि मी हात ठेवला. अडतीस वर्षं कुणी विचारलं की दोन सांगते. त्याने मला काही मिळालं नाही. पुढची दोन बाळंतपणं मी प्रत्येक दिवस मरत काढली. कुणी डॉक्टरांना सांगितलं असतं तर निदान कुणी नीट बघितलं तरी असतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी तेच तुझ्या हातात दिलं. का दिलं, मला सांगता येत नाही. मला वाटलं, मला जे करायला लावलं ते बरोबरच असणार.

हे टॅक्सी बघतायत. मी येते.

गिरिजा

---

दुबई सिलिकॉन ओएसिस
रविवार, १ डिसेंबर

आत्या,

तुम्ही तीन पत्रं पाठवलीत. तुम्ही हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर चार दिवस बसून होतात हेही विघ्नेशने सांगितलं. मी भेटले नाही. उत्तरही दिलं नाही. आज देते.

त्या मंगळवारी तुमचं पत्र आलं तेव्हा मी व्हीलचेअरवर होते. डिस्चार्जचा कागद माझ्या मांडीवर होता आणि विघ्नेश गाडी आणायला गेला होता. त्याने पार्किंगमध्ये फोन बघितला आणि तो धावत आला. गाडी तशीच, दार उघडं टाकून. मला वाचून दाखवलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि एमानला म्हटलं, "बिफोर. वन. ट्वेंटी टू वीक्स." एवढंच इंग्रजी आलं. तिने माझी खुर्ची फिरवली आणि लिफ्टकडे पळाली.

पुन्हा तपासलं तर पिशवीचं तोंड उघडायला लागलं होतं. लगेच बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, दुसरं चोवीस तासांनी. पलंगाची पायाकडची बाजू उंच करून मला झोपवलं. मी शिंकसुद्धा आवरून धरली. तरी गुरुवारी सकाळी ती आलीच. नऊशे ऐंशी ग्रॅम. मुलगी आहे. तोंडावर मशीनची नळी आहे, माझ्या करंगळीएवढं तिचं मनगट. अजून जवळ घेऊ देत नाहीत. काचेच्या पेटीच्या झरोक्यातून एक बोट आत घालते, ती कधी धरते, कधी धरत नाही. काल श्वास दोनदा थांबला. दोन्ही वेळा सुरू झाला. डॉक्टर उद्याचंसुद्धा सांगत नाहीत, आजचंच सांगतात.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन्ही इंजेक्शनं मिळाली म्हणून ती आज आहे. घरी गेलो असतो तर वाचली नसती. आणि हेही सांगितलं, की आधी एकदा असं झालंय हे जुलैत कळलं असतं, तर चौथ्या महिन्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातला असता आणि कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी विचारलं, "व्हाय डिड यू नॉट टेल अस?" मी म्हटलं, मीच लपवलं. तुमचं नाव घेतलं नाही. एमाननेही तेच विचारलं. तिला नारळाचं, शपथेचं समजावायला गेले आणि मध्येच मला इतकी लाज वाटली की थांबले.

तुम्हाला दोष देत नाही असं लिहायला बसले होते, पण देते. खूप देते. स्वतःलाही देते, कारण त्या रविवारीच मला कळलं होतं. चिपळूणला जसं आवळत होतं तसंच आवळत होतं. तुम्हाला लिहिलं की "थोडं वेगळं आहे" आणि मनात म्हटलं, आत्या काही नाही म्हणाल्या तर काही नसेल. मला तेच ऐकायचं होतं. तुमच्या मुलीचं वाचून मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये रडले. तिच्यासाठी, तुमच्यासाठी, माझ्या मुलासाठी. तो मुलगा होता, आत्या. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

बुधवारी या. पेटीजवळ आईवडिलांशिवाय कुणाला सोडत नाहीत. बाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर बसा. बोलू नका. मला अजून बोलायचं नाही, पण तिथे एकटीने बसवत नाही.

आज सकाळी जाग आली तेव्हा मी उजव्या कुशीवर होते. झोपेत आपोआप वळले होते. उशी नव्हती, पट्टा नव्हता, विघ्नेशला उठवलं नव्हतं, आणि काहीही दुखत नव्हतं. कंबर नाही, हाड नाही, काही नाही. तीन महिने मी देवाजवळ एवढंच मागत होते. मी उठून बसले आणि इतक्या मोठ्याने ओरडून रडले की विघ्नेशला वाटलं, हॉस्पिटलमधून फोन आला.

दुखायला हवं होतं, आत्या. फेब्रुवारीपर्यंत दुखायला हवं होतं.

समिधा